सायकलवर हंपीला निघताना घरी काय ठेवायचं

लांबच्या सायकल सहलीला हलकं सामान कसं बांधायचं, हे सांगणारे बरेचसे लोक घाटमाथ्यावरचे असतात. त्यांना काळजी चढाची. आपलं सोलापूरचं गणित वेगळं आहे. इथनं विजापूर, हुनगुंद, इलकल, कुष्टगी करत होसपेट आणि तिथनं हंपी गाठायची तर रस्ता तीनशे किलोमीटरच्या आसपास. बराचसा सपाट, उघडा रानातला. ज्वारी उभी असते तेवढाच काय तो आडोसा. इथं जीव काढतात ते ऊन आणि समोरचा वारा. उन्हावर इलाज पाणी, आणि पाणी लिटरला एक किलो. त्यात कितीही महागडी बाटली आणा, सूट मिळत नाही. म्हणून मी सामान कमी करते ते पाण्याला जागा व्हावी म्हणून. चार लिटर पाणी चढवल्यावर बाकीचं सगळं, पिशव्यांसकट, सात किलोच्या आत बसलं पाहिजे. खाणं त्यात धरत नाही, ते दुपारपर्यंत पोटात गेलेलं असतं.

माझं युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. त्यामुळे कापडावर जरा जास्त बोलणं होईल, तेवढं चालवून घ्या.

आधी काटा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. प्रत्येक वस्तू त्यावर ठेवायची आणि वहीत वजन लिहायचं. अंदाज करायचा नाही, कारण माणूस मोठ्या वस्तूचा अंदाज बरोबर करतो आणि बारीकसारीक वस्तूंना मोजतच नाही. जॅकेट नेऊ का नको यावर आठवडाभर खल चालतो आणि शाम्पू, क्रीम, पावडर, तेल, कंगवा, आरसा असली सगळी पिशवी न बघता आत जाते. ती पिशवी काट्यावर ठेवा. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची किलोला टेकते. त्यातनं राहू द्यायचं ते असं: टूथब्रश, पेस्टची छोटी ट्यूब, एक अंगाचा साबण. तोच साबण केसाला आणि कपड्याला. डोक्याला खोबरेल नको. सोलापुरात ते वर्षातले बहुतेक दिवस पातळच असतं आणि बाटलीचं झाकण कितीही घट्ट असो, सायकलच्या हादऱ्यानं झिरपतं. मांड्या घासू नयेत म्हणून पेट्रोलियम जेलीची चपटी डबी घ्या, तेच ओठाला, तेच टाचेला.

बायकांसाठी एक सांगते, कारण पुरुषांच्या याद्यांमध्ये हे नसतं. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅडची पाकिटं वजनानं कमी असली तरी जागा फार खातात, आणि वापरलेलं टाकायचं कुठं हा वाटेवर रोजचा प्रश्न. मेन्स्ट्रुअल कप मुठीत मावतो. पण तो पहिल्यांदा सहलीत वापरू नका. दोन-तीन महिने घरी सवय करा, निघायच्या आधी उकळून घ्या, आणि वाटेत फक्त पिण्याच्या पाण्यानं धुवा.

कपडे: कोरडं किती आणि ओलं किती

आमच्याकडे कापडाचा गठ्ठा आला की पहिलं काम जीएसएम बघणं. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. त्यासाठी एक गोल कटर असतो. कापडावर ठेवायचा, दाबायचा, फिरवायचा, की बरोबर शंभर चौरस सेंटिमीटरची टिकली कापून निघते. टिकलीचं वजन गुणिले शंभर केलं की झालं. दीड ग्रॅमची टिकली म्हणजे दीडशे जीएसएम. तुमच्याकडे कटर नसेल, नसू दे. टीशर्टच्या लेबलवर किंवा ऑनलाइन माहितीत हा आकडा बहुधा दिलेला असतो. अंगात घालायचं सायकलिंगचं कापड मी एकशे चाळीसच्या वर घेत नाही.

पण कोरडं वजन अर्धीच गोष्ट. सामान हलकं ठेवायचं तर रोज रात्री कपडे धुवावे लागतात, आणि सकाळी ओले राहिले तर तुम्ही कपड्याबरोबर पाणीही वाहून नेता, तेही न पिता येणारं. सूत हवेतनंच आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरून बसतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. बादलीत बुडवल्यावर हा फरक आणखी वाढतो. चांगला पिळलेला सुती टीशर्ट काट्यावर ठेवला तर जवळजवळ दुप्पट भरतो.

त्यामुळे नवीन कपडा घेतला की मी त्याची परीक्षा घेते. रात्री नऊला बादलीत बुडवायचा, पिळायचा, मग पंचा अंथरून त्यावर पसरायचा, पंचासकट घट्ट गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळीवर उभं राहायचं. पंचा बरंच पाणी ओढून घेतो. मग कपडा खिडकीच्या गजाला टांगायचा. पंख्याखाली नाही, कारण लॉजवर रात्री लाइट असेलच असं नाही. पहाटे पाचला काखेतली शिवण, कॉलर आणि खालची दुमड बोटांनी चेपून बघायची. शिवणीत कापडाचे तीन-चार थर एकत्र येतात आणि ओल तिथं लपून बसते. वरचं कापड कोरडं लागतं, शिवण गार लागते. अशी ओली शिवण दिवसभर काखेत किंवा मांडीत घासली की संध्याकाळी काय होतं ते ज्याचं त्याला कळतं. तिन्ही जागा कोरड्या, तर कपडा पास. फ्लॅटलॉक शिलाईचा कपडा या परीक्षेत सहसा पास होतो, कारण त्यात थर एकमेकांवर चढत नाहीत. मानेचं आणि कमरेचं लेबल शिवण उसवायच्या हत्यारानं काढून टाका. कात्रीनं कापलं तर टोकं राहतात आणि टोचतात.

मग किती न्यायचे? सायकलवरचे दोन जोड, एक अंगावर, एक पिशवीत. पॅड लावलेल्या शॉर्टही दोनच, कारण पॅड सगळ्यात हळू वाळतं. ते आतली बाजू बाहेर करूनच टांगायचं. रात्री वाळलं नाही तर दुसऱ्या दिवशी सामानाच्या वर जाळीच्या पिशवीत बांधून टाकायचं, आपलं ऊन ते दोन तासात वाळवतं. संध्याकाळसाठी एक पातळ कुर्ता-पायजमा. त्यावर देवळात जाता येतं, खानावळीत बसता येतं, झोपता येतं. आणि एक मलमलची ओढणी. उन्हात तोंडाला, लॉजच्या उशीवर अभ्रा म्हणून, धर्मशाळेत दोरीवर टाकून आडोसा म्हणून. पुरुषांनी ओढणीच्या जागी उपरणं घ्यावं, लाजू नये.

टॉवेल? सोलापूरचा टर्किश टॉवेल जगात जातो, त्याचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो घरीच ठेवायचा. साडेचारशे जीएसएमचा मोठा टॉवेल कोरडाच अर्धा किलो भरतो. त्याचं कामच पाणी धरून ठेवायचं, म्हणून सकाळी तो ओलाच असतो. पातळ सुती पंचा घ्या. तो सव्वाशे-दीडशे ग्रॅममध्ये बसतो, आणि वर सांगितलेल्या गुंडाळीच्या कामालाही तोच लागतो.

चादरीवरनं आमच्या घरात दरवेळी वाद होतो. आत्याबाईंचं म्हणणं, “सोलापूरची लेक आणि परगावात दुसऱ्याच्या पांघरुणात झोपणार?” मी म्हणते, “आत्याबाई, चादर किलोच्या वर आहे.” “मग काय झालं, सायकल वाहते का तू वाहतीस?” यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण चादर मी नेत नाही. पांघरूण लॉजवर मिळतं. सोबत फक्त जुन्या पातळ साडीची दुहेरी पिशवी शिवलेली असते, आत शिरून झोपायची. खालची गादी कशीही असो, आपण आपल्या कापडात. उशाकडची बाजू उघडी, पायाकडची बंद, एका बाजूला गुडघ्यापर्यंत चीर ठेवायची, नाहीतर कूस बदलताना पाय अडकतात.

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, हा आपल्याकडचा काळ. दुपारी कोरडं ऊन, पहाटे हुडहुडी. त्या दोन तासांसाठी स्वेटर नेऊ नका. पातळ विंडचीटर घ्या आणि पहाटे एसटी स्टँडवर एक पेपर विकत घ्या, घडी करून छातीवर विंडचीटरच्या आत सरकवा. वारा कागद ओलांडत नाही. नऊ वाजता काढून चहावाल्याला द्यायचा, भज्याखाली जातो.

तंबू नाही, चूल नाही

या वाटेवर तंबू नेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मला त्याचं कारण कळत नाही. विजापूर, इलकल, होसपेट इथं लॉज आहेत. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर कूडलसंगमला यात्रेकरूंची राहायची सोय आहे, बसवण्णांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी, तिथंच, महामार्गापासून थोडं आत. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग मिळून तीन-चार किलो होतात. तेवढं तर माझं पाणी होतं.

खाणंसुद्धा अर्ध्या दिवसाचंच. टाकळीला भीमेचा पूल ओलांडून कर्नाटकात शिरलात की खानावळींमध्ये ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगाची चटणी मिळतेच, म्हणजे घरचंच जेवण. पिशवीत मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवते. भाकरी पापडासारखी वाळलेली, तिला वजन नाही आणि ती विटत नाही. अख्खी ठेवायची हौस सोडा, घरीच मोडून पिशवीत भरा, तशीही ती वाटेत मोडणारच. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेवढ्या वजनात एवढं पोट भरणारं दुसरं फार काही नाही. चॉकलेट दुपारपर्यंत वितळून जातं. चटणी कुटलेली असेल तर तिला तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्यांत. स्टीलचा डबा नको. गोड लागत असेल तर शेंगाची पोळी, ती आठवडाभर सहज टिकते.

ओआरएसच्या पुड्या मात्र मोजून घ्या, दिवसाला दोन. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धी पुडी अंदाजानं बाटलीत टाकायची सवय वाईट.

पंक्चर

इथं काटकसर नाही. आपल्या भागात बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा, शिवाय रस्त्याकडेला सराटे. सावलीला म्हणून सायकल बाभळीखाली नेऊन उभी केली की पंक्चर झालंच म्हणून समजा. उचलून न्या.

दोन ट्यूब, पॅचचं पाकीट, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, चार-पाच-सहा मिलिमीटरच्या ॲलन चाव्या आणि चेन तोडायचं हत्यार असलेला मल्टिटूल, आपल्या चेनच्या स्पीडशी (मागच्या गिअरच्या संख्येशी) जुळणारी एक जोडकडी, ब्रेकची एक केबल, चार-सहा झिप टाय. चिकटपट्टीचं बंडल न्यायचं नाही, पंपाच्या नळीवर हातभर गुंडाळून ठेवायची. दोन स्पोक फ्रेमच्या मागच्या नळीला चिकटवून टाका, त्यांचं वजनही कळत नाही. पण ते चेनच्या बाजूच्या मागच्या चाकाच्या मापाचे घ्या, जास्त करून तिथलेच तुटतात.

ट्यूब वाटेत घेऊ असं म्हणू नका. खेड्यातल्या दुकानात ट्यूब असते ती मोठ्या काळ्या सायकलची, अठ्ठावीस इंची चाकाची, दीड इंची टायरची. आपल्या सातशे मापाच्या अरुंद टायरात ती मावत नाही, चुण्या पडतात. हवेचंही तसंच. मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर सगळीकडे आहे, पण त्याचं तोंड जाड व्हॉल्व्हचं. तुमच्या ट्यूबला बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर लागतो. नखाएवढी वस्तू, अगदी स्वस्तातली. ती व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, पिशवीत ठेवलेली सापडत नाही. आणि कॉम्प्रेसरवाल्याला सांगा, “अण्णा, थोडी थोडी सोडा, बारीक टायर आहे.”

काटा शोधायची आमच्या धंद्यातली युक्ती: कापसाचा बोळा किंवा सुती कापडाची चिंधी टायरच्या आतनं सावकाश फिरवायची. बोटाला न लागणारं टोकसुद्धा सुताचा तंतू पकडतं. जिथं चिंधी अडकली तिथं काटा. तो बाहेरनं चिमट्यानं काढा, आतनं ढकलू नका, अर्धा मोडून राहतो. हे न करता ट्यूब बदलली की पुढच्या मैलाला परत बसकण.

पिशव्या आणि पाणी

सपाट रस्त्यावर वजनापेक्षा आकार नडतो. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना फुगलेल्या पिशव्या लावल्या की समोरचा वारा त्या पकडतो आणि दिवसभर ब्रेक लावून चालवल्यासारखं होतं. सीटमागची लांबट पिशवी आपल्या पाठीआड लपते. त्यात कपडे. हँडलला विंडचीटर आणि झोपायची पिशवी, हलकंच, नाहीतर हँडल जड होतं. फ्रेमच्या त्रिकोणात अवजारं, पॉवर बँक आणि तिसरी बाटली, म्हणजे जे जड ते खाली आणि मधोमध. पॉवर बँक दहा हजार एमएएचची पुरे, वायर एकच, मोबाईल चालवताना फ्लाइट मोडवर.

कोटिंग केलेल्या कापडाची पिशवी ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात. कापड तसं असतं, शिवण तशी नसते. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक पाणी आत घेतं. म्हणून आत धान्याच्या गोणीला लावतात तसली जाड प्लास्टिकची पिशवी घाला. साखरेच्या पोत्यातली मिळाली तर आधी धुवा, नाहीतर रात्रीतनं मुंग्या येतात.

पाणी असं: फ्रेमवर पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, त्रिकोणातल्या पिशवीत एक लिटर, आणि पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, दोन बाजूंना क्लॅम्पनं बसवलेल्या पाऊण लिटरच्या दोन. चार लिटर भरलं. सगळ्यात आधी फोर्कवरच्या संपवा, हँडल हलकं होतं. थंडीतही मी तासाला अर्धा लिटर पिते, दुपारी पाऊण. तहान लागेपर्यंत थांबत नाही, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. जिथं चहा घेता तिथं बाटल्या भरूनच उठायचं, पुढं हॉटेल आहे असं कुणी कितीही सांगो.

आणि इथं सुताला काम आहे. जाड सुती ड्रिलच्या कापडाचा, बाटलीला घट्ट बसेल असा मोजा शिवा. जुना सुती पायमोजाही चालतो. बाटली भरली की मोजा भिजवायचा. आपली हवा कोरडी, वर सायकलचा वारा, त्यामुळे मोज्यातलं पाणी उडतं आणि आतलं गार राहतं. अकरा वाजता उन्हातल्या उघड्या बाटलीतलं पाणी चहाला टाकण्याइतकं कोमट असतं, मोज्यातलं पिण्यासारखं राहतं. मोजा वाळला की परत दोन चमचे पाणी ओता. पॉलिस्टरचा मोजा घालू नका, तो भिजतच नाही धड.

तुळजापूरची तालीम

सगळं बांधून, पाणी भरून, एका रविवारी तुळजापूरला जाऊन या. एका बाजूला पंचेचाळीस किलोमीटर, आधी सपाट, शेवटी घाट. सपाटीवर कळतं पिशवी वारा धरते का, घाटात उभं राहून पॅडल मारताना कळतं ती डोलते का. डोलत असेल तर पट्टे आवळा, आणि पट्ट्यांची लोंबणारी टोकं कापून मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर ती चाकात जातात. घरी आल्यावर पिशवी उलटी करायची. जे हाताळलंच नाही ते बाजूला. त्यातलं पंक्चरचं सामान, औषधं आणि मागचा लाल दिवा परत आत, बाकीच्याचा विचार करायचा. बहुतेक वेळा तिसरा टीशर्ट, पुस्तक आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेलं काहीतरी निघतं.

निघायचं पहाटे साडेपाचला, सोलापुरातल्या विजापूर वेशीतनं नाही, गावाबाहेरच्या रस्त्यानं. मूळ आधारकार्ड आणि शंभराच्या नोटा प्लास्टिकमध्ये, अंगावर. एवढं करूनही मंद्रूप-तेरामैल मागं टाकल्यावर काही जड वाटलंच तर विजापूरला पोस्टात जा आणि घरच्या पत्त्यावर पार्सल करून टाका. आत्याबाईंची चादर मी एकदा अशीच पाठवली होती. ती माझ्या आधी घरी पोचली आणि त्यावर बोलणी खायला मी नंतर.